मिनिटाला सहा

पट्ट्याचा चाप ‘कट्’ करून बसला आणि शालिग्राम गुरुजी जागच्या जागी ताठ झाले. पट्टा तो केवढा. दोन बोटं रुंद, रबरी, लहान पोराच्या चड्डीला शोभेल असा. पण तो बसला नेमका बेंबीच्या वर, आणि गुरुजींच्या अंगात त्या एवढ्याशा जागेला गेल्या दोन वर्षांपासून वेगळी आठवण फुटली होती. वर डोळ्यांवर ते चित्रं दाखवणारं चष्म्याचं डबडं, घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधावा तसं मागून आवळलेलं. स्टाफरूम गेली, पंखा गेला, समोशांचा वास तेवढा राहिला, आणि त्या वासातच एक भलाथोरला तलाव उघडला. कुठल्यातरी गार मुलखातला. पाणी इतकं निवांत की बुऱ्हाणपूरच्या तापीने ते पाहिलं असतं तर राजघाटावरच्या दगडी हत्तीमागे तोंड लपवलं असतं. पाण्यावर एक नाव. नावेच्या नाकाडाला दोर, आणि दोराचं दुसरं टोक थेट गुरुजींकडे आलेलं. “सर, नाव दिसून राहिली का?” सुमन मॅडमचा आवाज आभाळातून आला. बोर्डाच्या परीक्षेआधी पोरांची छाती धडधडते म्हणून शाळेत हे यंत्र आलं होतं आणि ते चालवायला ही समुपदेशक मॅडम. पोरांआधी मास्तरांवर करून पाहू, असं ठरलं, आणि सगळ्या मास्तरांनी एकमताने कोपऱ्यातल्या शालिग्राम गुरुजींकडे बोट दाखवलं. “दिसते,” गुरुजी म्हणाले. “श्वास सोडला की ती पुढे येते. बस, एवढंच करायचं. आरामसे.” आरामाचं गुरुजींच्या कानावर पडलंच नाही. त्यांनी कमरेला पट्टा ओळखला, समोर दोर पाहिला, पाय फाकवले, खांदे पाडले, आणि ‘हुऽऽप्’ करून सगळं अंग पुढे झोकून दिलं. पट्ट्याची तार मशीनला होती, मशीन टेबलाला आवळलेलं होतं, आणि टेबल सरकारी लोखंडाचं, चार शिपायांना न हलणारं. ते टेबल समोशांसकट दीड हात पुढे आलं. तार तुटायला हवी होती, ती का तुटली नाही यावरून स्टाफरूममध्ये पुढे दोन तट पडले, आणि दोन्ही तटांनी सांगता सांगता ते टेबल रोज थोडं थोडं आणखी सरकवलं. एप्रिल लागेतो ते व्हरांडा ओलांडून हातपंपापाशी पोचलं होतं.

“सर! सर, ओढायचं नाहीये! सोडायचं आहे!” मॅडम ओरडली. तोवर तलावावरचं आभाळ लालभडक झालं होतं, नाव जागची हलली नव्हती, आणि कोपऱ्यात एक आकडा टिकटिकत होता. “सव्वीस! मिनिटाला सव्वीस श्वास! बसल्याबसल्या? इतकं टेन्शन कशाचं सर, मर्जरचं का?” गुरुजींनी डबड्याच्या आत डोळे मिटले आणि म्हणाले, “हो, मर्जरचंच.” सगळी स्टाफरूम ‘च्, च्’ करून हळहळली. कोणीतरी हिंदीत पाणी आणायला सांगितलं. मर्जर हा त्या वर्षांत बुऱ्हाणपुरात फार सोयीचा शब्द होता. बँका एकमेकींत मिसळत होत्या, कचेऱ्या मिसळत होत्या, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन शाळाही वरून आलेल्या एका कागदाने एक झाल्या. मधली भिंत पाडली, मराठी शाळेची पोरं हिंदी शाळेच्या रांगांत उभी राहिली आणि गुरुजींची खुर्ची माठाशेजारी लागली. लोकांना वाटायचं, मास्तर आतून खचले. मास्तर माठाशेजारी खरं तर मजेत होते. गार जागा होती, अकरा पोरं मराठीला होती, आणि अकराच्या अकरा रोज येत होती. हिंदीत ‘जी सर’ म्हणता म्हणता मराठीत ‘आवो गुरुजी’ म्हणणारी ती पोरं आडभिंत पडल्याचं गुरुजींपेक्षा लवकर विसरली होती. खचायचं ते वेगळ्याच ठिकाणी खचत होतं, आणि ते ठिकाण शाळेपासून कितीतरी कोस लांब, त्यांच्या गावी दापोऱ्याला, खंडेरावाच्या देवळासमोरच्या उतारावर होतं. फळ्यावर ‘अ’ काढताना अचानक त्यांचा हात थांबायचा. मनकर्णाबाईंनी घरात कुकर लावला की पहिल्या शिट्टीला ते जागचे उठायचे. दुसऱ्या शिट्टीला बसायचे. “आवो, तुम्हाले झालं काय?” बायको विचारायची. “शाळा,” ते म्हणायचे.

दापोऱ्याला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी बारा गाडे ओढतात. एकीमागे एक बारा बैलगाड्या बांधायच्या, त्यांत मावतील तेवढी माणसं बसवायची, बैल एकही नाही. आणि पुढे एक माणूस, भगत, अंगाला हळद, पायात घुंगरू, कमरेला फेटा गुंडाळलेला, फेट्यात लोखंडी आकडा आणि आकड्याला पहिल्या गाडीचा दोर. त्याच्या दोन्ही काखांत हात घालून चालतात ते दोन बगले. भगताच्या अंगात देव येतो, तो घुमतो, गाड्यांभोवती पाच फेरे मारतो, आणि बारा गाडे चिंचेपासून देवळापर्यंत जातात. शालिग्राम गुरुजींचे वडील कौतिक भगत यांनी ते चाळीस वर्षं ओढले. एका वर्षी तर तेरा ओढले, म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्या एका वऱ्हाडाची गाडी गर्दीत चुकून शेवटी बांधली गेली, नवरदेव आत झोपलेला होता. तो देवळासमोर जागा झाला, हळद लागलेलं अंग पाहून आणि ढोल ऐकून त्याला वाटलं आपण मांडवात पोचलो, आणि त्याने समोर उभ्या असलेल्या पहिल्याच बाईला सासू समजून नमस्कार केला. ती बाई खरोखर त्याची सासू निघाली नाही, पण पुढच्या वर्षी झाली. असा तो बाप. तो गेला आणि आकडा शालिग्रामच्या कमरेला आला; मास्तरकी करणारा, बुऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणारा, बूट घालणारा मुलगा. पहिल्या वर्षी गाडे गेले. लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि त्या खांद्यावरून शालिग्राम गुरुजींना एवढंच कळत होतं की आपल्या अंगात काहीही आलेलं नव्हतं. त्यांनी घुमून दाखवलं होतं. इन्स्पेक्टर आल्यावर पोरांनी कविता म्हणावी तसं, वरच्या पट्टीत, डोळे फिरवून. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणखी जोरात घुमून दाखवलं आणि अर्ध्या वाटेत श्वास तुटला. छातीत भाता फुटल्यासारखं झालं, गाडे थांबले. मागच्या लोकांनी ‘येळकोट’ करून चाकांना हात लावले आणि कसेबसे ढकलत नेले. चुडामण पाटील, देवळाचे पंच, नारळ फोडताना म्हणाले, “मास्तर, औंदाचं देवानं पोटात घातलं. पुढच्या आखाजीले गाडे अडले, तं आकडा देवापाशी ठेवू. मंग ज्याच्या अंगात येईन, त्याच्या कमरेले.” त्या दिवसापासून गुरुजींचा श्वास उथळ पाण्यातल्या मासोळीसारखा वरवरच पळत होता. आकडा जाईल ही भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी एक होती, जी ते बायकोलाही सांगू शकत नव्हते: तो आपल्या कमरेला खऱ्या अर्थाने कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते आपणहून मॅडमच्या खोलीत गेले. तिसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच गेले. पोरांनी रांग लावायला सुरुवात केली होती, दहावीची पोरं डबडं लावून ‘भारी हाये यार, क्या पानी है’ करत होती, आणि त्यांच्या मागे धोतराच्या घडीसारखे नीट उभे शालिग्राम गुरुजी, कमरेचा शर्ट आधीच सैल केलेला. “सर, चार मोजत घ्यायचा. सहा मोजत सोडायचा. सोडताना पोट ढकलायचं नाही. त्याचं ते जाईल.” त्याचं ते जाईल! आयुष्यात कुठली गोष्ट त्याची ती गेली होती? शाळा ढकलावी लागली, पोरीचं लग्न ढकलावं लागलं, गाडे तर लोकांनी ढकलले. चौथ्या दिवशी श्वासांचा आकडा एकोणिसावर आला. आठव्या दिवशी चौदा. आणि दहाव्या दिवशी, गुरुजी मनाशी समोशाचा विचार करत असताना, त्यांना काही न विचारता नाव हलली. इतकी हलकी हलली की आधी ते काठच सरकला असं समजले. पाण्यावर एक बारीक रेघ उमटली, आभाळ निवळून निळं झालं, आणि गुरुजी डबड्यातून ओरडले, “चालली! मॅडम, चालली व माय!” ओरडल्यासरशी थांबली. पण त्यांचा हर्ष थांबला नाही. संध्याकाळी ते सायकलवरून घरी गेले नाहीत. सायकल हातात धरून चालत गेले, कारण चढावर श्वास कसा घेतो हे त्यांना मोजायचं होतं. जिलेबीच्या दुकानासमोर उभं राहून त्यांनी कढईतल्या माव्याच्या जिलेबीला चार मोजत आत घेतलं आणि सहा मोजत सोडलं. दुकानदाराने विचारलं, “गुरुजी, घेणार का नुसतं हुंगणार?” रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि ते पाटावरून उठले नाहीत. मनकर्णाबाई दोन वेळा आतून डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा येऊन त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. भाईदास मात्र फसला नाही. हा पॉवरलूमचा मिस्त्री, गुरुजींचा लहानपणापासूनचा दोस्त आणि त्यांचा उजवा बगला. “काय करी राह्यला तू शाळेत?” तो म्हणाला. “पोरं सांगतात मास्तर डोळ्याले डबडं लावून हवा खातो.” “श्वास शिकून राह्यलो.” “पन्नाशी झाल्यावर? मंग एवढी वर्सं काय उधारीवर चालला होता का?” आणि हसता हसता त्याने जवळ सरकून विचारलं, “शालू, गाडे जातीन ना भो औंदा?” गुरुजींनी चार मोजले. मग सहा मोजले.

मार्चच्या शेवटी मॅडमने डबड्यातल्या पडद्यावर एक नवी गोष्ट दाखवली. नाव आणि तलाव बाजूला ठेवून नुसती रेघ. श्वास घेतला की रेघ चढायची, सोडला की उतरायची. गुरुजी ती रेघ पाहत बसले. चढ, उतार. चढ, उतार, आणि उतार हा चढापेक्षा लांब, निवांत, जसा दापोऱ्याचा देवळाकडचा. आणि तिथेच कुठेतरी, सात-आठ श्वासांनंतर, रेघ रेघ राहिली नाही. ती एक पाठ झाली. नऊ वर्षांचा शालू पहिल्या गाडीच्या पुढच्या धुरीवर बसला आहे, पाय खाली लोंबकळताहेत आणि त्याच्या नाकासमोर दीड हातावर बापाची पाठ आहे. उन्हाने हळद वाळलेली, भेगाळलेली, तळ्याचा गाळ फाटतो तशी. सगळं गाव बापाचं तोंड पाहतंय. तोंड फिरतंय, डोळे पांढरे, केस विस्कटलेले. ते सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी पुढे चाळीस वर्षं सांगितलं, आणि ऐकून ऐकून शालिग्रामलाही तेच आठवू लागलं. पण तो बसला होता मागे. त्याला दिसली ती पाठ. आणि ती पाठ थरथरत नव्हती. घुमणं संपलं होतं. ढोल वाजत होते, लोक ओरडत होते, पण पाठ, पाठ एखाद्या रवंथ करणाऱ्या बैलासारखी निवांत फुगली, क्षणभर थांबली आणि उतरायला लागली. उतरता उतरता हळदीच्या भेगा एकेक करून मिटत गेल्या. सगळ्या मिटल्या तेव्हा शालूच्या पायाखालची जमीन मागे जात होती. एवढंच. चाळीस वर्षं हे कुठे होतं? इतकं डोळ्यांसमोरचं, दीड हातावरचं, माणूस कुठे ठेवून देतो? गुरुजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदाचा की भीतीचा ते त्यांना ठरवता येईना. बापाच्या अंगात देव येत होता का? आला असेल तर तो घुमताना आला की घुमणं थांबल्यावर? आणि आपण दोन वर्षं बापाच्या तोंडाची नक्कल करत राहिलो, पाठीची केलीच नाही!

“सर, चष्मा आतून ओला आहे. रडले का?” मॅडमने विचारलं. “घाम हाये.” “घाम असेल. पण मशीन बोलून राहिली की तुम्ही सहावर होते. मिनिटाला सहा. पूर्ण चार मिनिटं. इतकं तर माझंही येत नाही.” आणि मग गुरुजींनी सांगून टाकलं. मर्जर नाही, बारा गाडे. बाप, आकडा, अर्ध्या वाटेत तुटलेला श्वास, चुडामण पाटील, सगळं. मॅडमने तोंडावर हात ठेवला. “दापोऱ्याचा तो व्हिडिओ, मधे थांबतात ते… तो तुम्ही? आईशप्पथ सर, माझ्या मामाने पाठवला होता!” “मीच तो.” ती पट्ट्याची गुंडाळी करू लागली. “एक बात बोलू का सर? मशीन टेन्शन कमी करते. गाडे ओढत नाही. वजन ते वजनच राहते.” “माहीत हाये.” “ते ठीक. पण दुसरं. तुम्ही इतके शांत झाले तर घुमणार कसे? लोकांना तर घुमणारा भगत पाहिजे. तिथे तुम्ही असे डुलकी लागल्यासारखे उभे राहिले तर ते म्हणतील, देव आलाच नाही. गाडे जाऊनही आकडा जाईल.” गुरुजींनी हा विचार केलाच नव्हता. दोन महिने ते श्वासाच्या एका टोकाला इतके गुंतले होते की दुसऱ्या टोकाला गाव उभं आहे हेच विसरले. “घुमल्यासारखं करून मग ओढता येईल?” मॅडमने विचारलं. गुरुजींनी करून पाहिलं. जागच्या जागी मान फिरवली, हुंकार दिले. पडद्यावरची रेघ डोंगर चढली, चोवीस, सत्तावीस, आणि खाली यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ गाड्यांसमोर कोण देणार? परीक्षा संपल्या, शाळेला सुट्टी लागली, डबडं आणि पट्टा कुलपात गेले. निघताना मॅडम म्हणाली, “मी येणार सर, बघायला. पण मोजणार नाही, प्रॉमिस.”

आखाजीची उन्हं कलली तेव्हा दापोऱ्याच्या चिंचेखाली बारा गाडे लागले होते. सात लाकडी चाकांचे, पाच रबरी टायरचे, आणि बाराही माणसांनी असे भरलेले की वरून मोहरी टाकली तर खाली पडली नसती. शेवटच्या गाडीत भागाबाई, गुरुजींची आत्या, ऐंशीच्या पुढची, मागे तोंड करून, पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसलेली. पुढचं पाहिलं तर तिला गरगरतं. गुरुजींनी हळद लावून घेतली, घुंगरू बांधले, पाच फेरे मारले. फेरे साधे मारले, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. दुसऱ्या फेऱ्यालाच गर्दीत कुजबूज सुरू झाली. आकडा दोरात अडकवला तेव्हा ढोलवाल्यांनी कहर मांडला, आणि भगत तसाच उभा. भाईदासने काखेत हात घातला आणि कानाशी लागला, “शालू, घुम ना थोडासा. लोकं पाहून राह्यले.” “नही घुमनार.” “काबरं?” “येत नही मले, भाईदास. कधीच आलं नही.” काखेतला हात एकदम घट्ट झाला, इतक्या वर्षांच्या दोस्तीत हे पहिलंच खरं वाक्य असल्यासारखा. “मंग गाडे?” गुरुजींनी डोळे मिटले. तलाव यावा म्हणून त्यांनी वाट पाहिली. तलाव आला नाही. पाठही आली नाही. आला तो मागचा आवाज: बारा गाड्यांचा, एकेक वेगळा, कुठे कण्याची करकर, कुठे पोराचं रडणं, कुठे बांगड्या, कुठे कोणी फोडत असलेली शेंग, आणि या सगळ्यांच्या तळाशी दीडशे माणसांनी रोखून धरलेला दम. इतकी माणसं आपल्यासाठी दम धरून बसली आहेत! छातीत भीतीची जी लाट उठली ती त्यांनी नाकाने सबंध आत घेतली, चारपर्यंत, आणि मग, त्याची ती जाईल म्हणून, सोडली. एक. कमरेचा फेटा आवळला. दोन. टाचा मातीत रुतल्या. तीन. काहीच होत नव्हतं. काहीच होत नाही आहे, हे त्यांना दिसत होतं आणि त्याचं नवल असं की छाती धडधडत नव्हती. नाही गेले तर नाही गेले. पुन्हा चार, पुन्हा सहा. ढोल का थांबले? लोक का ओरडत नाहीत? हसत असतील. हसू देत. पुन्हा चार, पुन्हा सहा, किती वेळा ते त्यांनी मोजलं नाही. आणि मग तळपायाला माती गार लागली. ओली, गार. आखाजीच्या उन्हात दापोऱ्यात माती गार असते ती एकाच ठिकाणी, देवळासमोर, सडा घातलेला असतो तिथे. गुरुजींनी डोळे उघडले. पायरी अंगठ्याला लागली होती. भाईदासचं तोंड उघडं होतं. ढोलवाल्याच्या हातात टिपरू वर उचललेलं होतं, ते तो चिंचेपासून तसंच धरून आला होता.

पंच म्हणून चुडामण पाटलांनाच पुढे यावं लागलं. एका हातात नारळ, दुसरा हात पसरलेला. “मास्तर, आकडा काढा.” “गाडे आले ना, पाटील!” भाईदास उसळला. “आले, मी कोठी नही म्हनलं? पन अंगात आलं नही. मान हालली नही, डोया फिरला नही. अंगात नही, मंग हे ओढलं कोनं? असं ओढनं आमच्यात नही.” गुरुजींचा हात आकड्याकडे गेला. पाटील खरं बोलत होते. ओढलं कोणी ते गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. पण आत इतकं भरून आलं होतं, इतकं लख्ख, उड्या मारत, की आकडा देताना आपण हसू की काय अशी त्यांना धास्ती वाटली. त्यांनी गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात शेवटच्या गाडीतून आवाज आला, “काय रे शालू! किती येळ लावशीन? जीव गेला उन्हात. ओढ ना आता!” सगळी गर्दी मागे वळली. “आत्या, उतर,” भाईदास ओरडला, “आलं देऊळ!” “गप रे गाढवा. मले बनवते? अजून धक्का बसला नही.” “पदर काढ न पाह्य!” भागाबाईने पदर वर केला. समोर चिंच नव्हती. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, गाडीच्या कठड्यावर हात फिरवून तो खरा आहे का ते पाहिलं. मग तिचा पारा चढला. “व माय! सगळ्यायनं पाह्यलं न मले कळलंच नही? साठ वर्सं झाली, दरसाल कंबर मोडून घेते मी या गाडीत, न औंदा पानी गेल्यावानी गेली, न मी पदर घेऊन बसली! हे मी नही धरनार. परत न्या गाडे चिंचेपाशी. परत ओढ म्हना त्याले. मी डोये उघडे ठेवते.” “आमालेबी कळलं नही!” दहाव्या गाडीतून कोणीतरी म्हणालं. “आमी तं गप्पा मारत होतो.” “परत! परत!” सुमन मॅडम कुठूनशी धावत आली आणि नवव्या गाडीच्या चाकावर पाय देऊन चढली. भाईदासने बैल आणायला माणसं पिटाळली, गाडे वळवायला. गुरुजींच्या बोटांत गाठ अर्धी सुटलेली होती. ती त्यांनी पुन्हा आवळली की आवळली गेली, हे त्यांनी पाहिलं नाही. ते पाटलांकडे पाहत होते. पाटील गाड्यांकडे पाहत होते. एकही माणूस उतरत नव्हता; उलट पायी आलेले लोक चढत होते, पोरं वर फेकली जात होती, म्हातारे ओढून घेतले जात होते. पाटलांचा पसरलेला हात हळूहळू खाली आला. त्यांनी नारळ काखेत मारला, धोतराचा सोगा खोचला आणि गर्दीतून वाट काढत ते बाराव्या गाडीपाशी पोचले.

“सरक व, भागाबाई,” ते म्हणाले, “मलेबी बसू दे.”